सव्वाएक्केचाळीस

प्रिय भाईजान,

सलाम. आधी खुशखबर ऐक, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. उमरा झाला, नीट झाला, तब्येत ठणठणीत आहे आणि डोक्यावर एक केस शिल्लक नाही. टक्कल केल्यावर आरशात पाहिलं तर समोर साक्षात अब्बा. तेच बाहेर आलेले कान, तेच मागून चपटं डोकं. भाभीला सांग, तिच्या दिराला आता महिनाभर कंगवा लागणार नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू कुणाला बोलू देतोस का? मी तोंड उघडायच्या आत तू जेवलास का, झोपलास का, पाठ दुखते का, असं विचारत सुटतोस, आणि मी हो-हो करेपर्यंत फोन भाभीच्या हातात गेलेला असतो. म्हणून पत्र. आमच्या खोलीतला आचारी महिन्याच्या सुटीवर घरी निघालाय. झमझमच्या पाण्याची बाटली, दोन टोप्या आणि हे पाकीट तो तुझ्याच हातात देईल. पत्र दुपारी दुकान बंद करून एकट्याने वाच. भाभीला नंतर दाखव, खुशाल दाखव.

जायचं अगदी अचानक ठरलं. तुला ठाऊकच आहे, इथे इस्पितळाच्या शिलाईखोलीत मी दिवसभर चादरींच्या कडा मारतो आणि रुग्णांच्या झग्यांना नाड्या लावतो. सहा वर्षांत एक कॉलर केलेली नाही, सगळं सरळ रेषेत. मंगळवारी मुकादमाने सांगितलं की कामगारांची एक बस उमऱ्यासाठी मक्केला जातेय, दोन जागा उरल्यात, रजा देतो, येत्या गुरुवारी निघा. मी आणि आचारी एकमेकांकडे बघतच राहिलो. हातात एकच दिवस, आणि त्या एका दिवसात सगळ्यांची माफी मागायची. बोललं-चाललं माफ करा, असं म्हटल्याशिवाय आपल्यात कोण निघतं?

मग काय, फोनवर फोन. फुफी रडली. दुकानासमोरच्या इस्त्रीवाल्याला मी म्हणालो, चाचा, पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या सायकलचं चाक वाकडं झालं ना, ते मी केलं होतं. मग त्याने मला पाच मिनिटं मनसोक्त शिव्या घातल्या, कारण ते चाक स्वतःच्या मेहुण्याने वाकवलं असं धरून त्याने मेहुण्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. शिव्या संपल्यावर म्हणाला, जा, माफ केलं. ती माफी मला पक्की वाटली. तुझी मात्र तशी नव्हती, भाईजान. तुझ्याकडेही मी मागितली, पण मी ‘काही चुकलं असेल तर’ एवढंच म्हणतोय तोवर तू हसून म्हणालास, सगळं माफ रे बॉबिन, जाऊन ये. आणि मी ती घेऊन टाकली. कशाबद्दल मागतोय ते तुला सांगितलंच नाही. जे सांगायला हवं होतं ते गिळलं आणि बसमध्ये जाऊन बसलो.

बसमध्ये माझी फजिती झाली ती ऐक. उमऱ्यात नेसायची इहरामची दोन पांढरी कापडं नवी कोरी घेतली होती. मांडीवर घेतली तर एका बाजूची कड कात्रीने कापलेली, दोरे सुटत होते. तुझ्या हातचा मार खाऊन शिकलेला माणूस मी, उघडी कड बघवते कुठे? पाकिटात सुई-दोरा असतोच. गप्पा मारता मारता कड दुमडली आणि तुरपाई सुरू केली. वीतभर झाली असेल, तेवढ्यात आचारी किंचाळला की अरे करंट्या, बिनशिवलेलं नेसायचं आणि तू शिवत बसलास? सगळी बस माना वळवून बघायला लागली. कुणी म्हणे कापड बाद झालं, कुणी म्हणे नाही झालं. शेवटी आमच्यातला म्हातारा रंगारी, जो सहा वेळा जाऊन आलाय, शांतपणे म्हणाला की कड मारली म्हणून काही बिघडत नाही, पण एक दिवस शिंपी नाही राहिलास तर चालणार नाही का? मी गुपचूप टाके उसवले. नंतर दिवसभर ते सुटे दोरे पोटऱ्यांना लागत होते. तू असतास तर तुला माझी लाज वाटली असती.

आता खरं सांगतो. पहिल्यांदा काबा दिसला की जी दुआ मागाल ती कबूल होते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. भाभीने मला बुधवारीच बजावून ठेवलं होतं की पहिली दुआ तुझ्या डोळ्यांसाठी माग. म्हणाली, त्यांना आता टेपवरचे आकडे दिसत नाहीत, ते बोलून दाखवत नाहीत, पण कापड कापायचं सोडून कात्री खिळ्याला लटकवलीय ना तेव्हापासून माणूस निम्मा झालाय. मी म्हटलं, मागतो. सकाळची वेळ होती, ऊन नुकतं फरशीवर उतरत होतं, समोर काब्यावर चढवलेला तो काळा गिलाफ आणि भोवती फिरणारी माणसं. हात वर केले. ‘या अल्लाह, माझ्या भाईजानचे डोळे’ इथपर्यंत आलो आणि पुढे शब्दच फुटेना. कारण चूक तुझ्या डोळ्यांची कधी नव्हतीच, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरा तो, ज्याच्यापुढे मी हात पसरून उभा होतो.

तसाच काब्याभोवतीच्या सात फेऱ्यांना लागलो. आचारी पुस्तिकेतून दुआ वाचणार आणि फेऱ्या मी मोजणार, असं ठरलेलं होतं. माझं मन कुठे थाऱ्यावर होतं? गर्दी पुढे ढकलत होती, मी चालत होतो. मध्येच आचाऱ्याने विचारलं, “पाच झाल्या की सहा?” माझ्या जिभेवर ‘सहा’ आलं होतं. ठणकावून म्हणालो असतो तर त्याने मान डोलावली असती, तुझ्यासारखीच. पण त्या जागी ते निघालं नाही. मी म्हणालो, “मला माहीत नाही. माझं लक्ष नव्हतं.”

भाईजान, तीन शब्द. सहा वर्षांत ते मला म्हणता आले नव्हते. आणि म्हटल्यावर झालं काय? काहीच नाही. आचारी चिडलासुद्धा नाही. म्हणाला, शंका आली की कमी धरायचं, पाच धर, एक जास्त मारू. मला हसूच आलं. तू शिकवलंस ते नेमकं उलटं, शंका आली की जास्त धर, कापड कमी करता येतं, वाढवता येत नाही. ती वरची फेरी मी आख्खी रडत मारली. आजूबाजूला इतके जण रडत होते की कुणाचं लक्षही गेलं नाही.

तुला कळलं असेल मी कशाबद्दल बोलतोय. शाळेतल्या मास्तरांच्या मुलाची लग्नाची शेरवानी. तू टेप धरून आकडे सांगत होतास आणि मी वही घेऊन स्टुलावर. त्याच क्षणी माझ्या फोनवर निरोप आला की परदेशातलं काम पक्कं झालं. मी मांडीआड फोन वाचत होतो. तू उंची सांगितलीस, माझ्या कानावर नुसतं ‘सव्वाए’ आणि ‘चाळीस’ पडलं, आणि मी सव्वाएकोणचाळीस लिहून मोकळा झालो. तू वहीबरहुकूम कापलंस. लग्न दोन दिवसांवर, तसलं कापड पुन्हा मिळणार नव्हतं, आणि शेरवानी दोन इंच तोकडी. मास्तर दारात उभं राहून म्हणाले, आता चष्मा बघा. तू माझ्याकडे वळून विचारलंस, मी एकोणचाळीस म्हणालो होतो का रे? आणि मी म्हणालो, हो.

तू लगेच मानलंस, हेच मला आजपर्यंत खातंय. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की वयाप्रमाणे थोडा नंबर आहे, बाकी नजर स्वच्छ. तर तू म्हणालास, डॉक्टरला काय कळतं, माझा भाऊ समोर बसला होता. अब्बांची कात्री खिळ्याला गेली आणि तू पिको-फॉल आणि चेन बदलायला बसलास. दोनदा सुटीवर आलो, दोन्ही वेळा ती कात्री बघितली, दोन्ही वेळा तोंड शिवून परत आलो. तुझी माफी तेवढी लगेच देऊ नकोस. इस्त्रीवाल्यासारखा आधी पाच मिनिटं शिव्या दे. पण काय सांगू, काल इथवर लिहून झालं आणि छातीवरून मशीन उतरवल्यासारखं वाटतंय. रात्री किती वर्षांनी गाढ झोपलो, आचाऱ्याने हलवून उठवलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. मास्तर बोलून गेले त्याच दुपारी, तू जेवायला गेल्यावर, मी मास्तरांच्या मुलाचा जुना अंगरखा, जो नमुन्यासाठी ठेवला होता, टेबलावर पसरून स्वतः मोजला होता. दोनदा मोजला. सव्वाएक्केचाळीस. तू तेच म्हणाला होतास, तू बरोबर होतास, तुझी नजर तेव्हाही बरोबर होती. मास्तरांना हे पत्र वाचून दाखव, मी येईन तेव्हा त्यांच्या दारात स्वतःही सांगेन. रमजानच्या आधी मी सुटीवर येतोय, कापड घेऊन येतोय. माझा सदरा दुसऱ्या कुणी कापायचा नाही. कात्रीला गंज चढला असेल, आजच उतरव, तेल घाल. आणि या वेळी तू आकडे सांग, मी फोन भाभीकडे देऊन स्टुलावर बसेन आणि प्रत्येक आकडा तुला परत मोठ्याने म्हणून दाखवेन.

तुझाच,
बॉबिन