मावशींचं रक्त आणि माझी तक्रार

४ मार्च
तिसऱ्यांदा सगळं मेलं! मलेरियाचे जंतू वाढवायला इथल्याच कर्मचाऱ्यांनी दिलेल्या रक्तातल्या ताज्या तांबड्या पेशी घालते, चार दिवसांत बाटलीत जंतू औषधालाही उरत नाही. परिषद तोंडावर. सर म्हणाले, "कारण शोधा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

५ मार्च
मावशी! प्रयोगशाळेतली काचेची भांडी त्याच धुतात. साबण राहत असणार. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, सात पाण्यांनी धुते हो." मी गोड हसले. मग जेवताना सगळ्यांना सांगितलं — "त्यांच्या सात पाण्यांत माझं काम पाण्यात!" हशा पिकला. बरं वाटलं.
कार्यालयात तक्रार दिली. खाली सही न करता.

१३ मार्च
मावशींची बदली. मागच्या इमारतीत, कपडे धुण्याच्या खात्यात. जाताना दारातून म्हणाल्या, "येते हं ताई." मी सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली नाही. खाली काचपट्टीसुद्धा नव्हती!

२१ मार्च
नवीकोरी, पाकीटबंद प्लास्टिकची बाटली — तरी मेले. पण फक्त नऊ नंबरच्या दात्याच्या रक्तात. आधी तिन्ही वेळा तेच रक्त वापरलं होतं. बाकीच्यांच्या रक्तात मजेत वाढतायत!
कॅमेरा लावून पाहिलं. एरवी जंतू पेशीला भिडतो, चाचपतो, अंग वळवून टोक बरोबर टेकवतो — अर्ध्या मिनिटात आत. नऊ नंबरच्या पेशीवर हे सगळं करतो, पण नुसता धडका मारत राहतो. पेशी थरथरते, आत घेत नाही.
सर खुर्चीतून उठलेच. "घबाड आहे हे! कोणाचं रक्त?"

२२ मार्च
नंबरामागचं नाव बघायची परवानगी काढली. रक्त घेणाऱ्या नर्सने यादी उघडली.
मावशी.

२५ मार्च
गेले त्यांच्याकडे. वाफेने भरलेली खोली, त्यांच्या मनगटावर भाजल्याचा डाग. मला बघून पहिलं वाक्य — "ताई, जगले का तुमचे जंतू?"
म्हटलं, आणखी थोडं रक्त हवंय. संमतीचा कागद पुढे केला. अंगठ्यासाठी शाईसुद्धा नेली होती मी! त्यांनी शाईकडे पाहिलं, अंगठा टेकवला, बाही वर केली. मग हळूच म्हणाल्या, "माझं रक्त खराब निघालं का हो?"
"नाही मावशी. फार चांगलं आहे."
पुढचं ओठांवर आलं होतं. गिळलं. चार नळ्या भरून चोरासारखी परतले.

२९ मार्च
नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "परिषद होऊ दे, मग बोल." हेच ऐकायचं होतं म्हणून तर त्याला विचारलं. लाज वाटते स्वतःची.

२ एप्रिल
सांगून टाकलं. तक्रार माझी, दोष भांड्यांचा नव्हताच, सगळं. मावशी चादरीची घडी घालत होत्या. थांबल्या नाहीत.
"रक्त न्यायला आलात, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"
"हो."
पुढची चादर उचलली. "बरं," म्हणाल्या. बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!
येताना कार्यालयात तक्रार मागे घेतल्याचं पत्र दिलं. पूर्ण नाव, सही. सरांनाही सांगितलं. म्हणाले, "आता बोलवा परत त्यांना. रक्त लागणारच आहे."

५ एप्रिल
मावशी परत येणार नाहीत. आपलं रक्त वापरायची संमतीही काढून घेतलीय. उरलेलं रक्त आजच नष्ट करायचं, परिषदेत एक अक्षर बोलायचं नाही.
अर्ज त्यांनी स्वतः लिहिलाय. कारणापुढे दोनच शब्द — 'माझी इच्छा.' अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे.