अध्यक्षबाईंचं मत

२ मार्च, सोमवार

वाचनालयातल्या सभेची अध्यक्ष म्हणे मी! का, तर मी कोणाच्याच बाजूची नाही. गर्भपाताची मुदत कमी करणारा कायदा येऊ घातलाय आणि आमच्या इमारतीत त्यावरून जुंपली आहे. आमच्याकडे राहणाऱ्या वन्सं कायद्याच्या बाजूने, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई विरुद्ध. दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की पोस्टमन टपाल पायरीवर ठेवून पळतो.

वन्सं म्हणतात, "पोटातल्या जिवाला काही सभेत बोलता येत नाही, वहिनी. त्याच्या वतीने कोणी बोलायचं?" नर्सबाई म्हणतात, "कायदा करणाऱ्यांपैकी एक तरी कधी वॉर्डात रात्रपाळीला आला होता का?"

मला दोघींचं पटतं. हीच तर पंचाईत.

४ मार्च

सुनेला पाचवा लागलाय. मुलगा बोटीवर, म्हणून ती आमच्याजवळ. काल तपासणीहून आली ती जेवलीच नाही.

"सगळं ठीक ना गं?"

"हो, आई."

ते 'हो' फार पटकन आलं. टोपडं विणत होते, सुया तशाच मांडीवर राहिल्या.

५ मार्च

सभेला कॉन्व्हेंटचा नियम लावला. वादविवाद घेणाऱ्या आमच्या सिस्टर – करड्या भुवया, झग्याच्या खिशात कायम खडू – म्हणायच्या, आधी समोरच्याची बाजू अशी मांडा की त्याने मान डोलावली पाहिजे. मगच स्वतःची. काय दिवस होते! त्या सभागृहाच्या मेण लावलेल्या फरशीचा वास अजून नाकात आहे.

नर्सबाई म्हणाल्या, "म्हणजे मी हिची वकिली करू?"

वन्सं म्हणाल्या, "मला जमेल. हिला नाही जमणार."

"बघतेच कशी जमत नाही ते!"

लागल्या दोघी तयारीला.

६ मार्च

वन्संचा सराव स्वयंपाकघरात, हातात डाव. "दारात उभं राहून एखाद्या बाईला जाब विचारणारे आपण कोण?" समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "धाकटीने पक्ष बदलला की काय?"

खालून नर्सबाई: "आणि त्या जिवाचं काय? त्याचं काय?" नंतर चूळ भरल्याचा आवाज आला.

फार हसले आज. सून मात्र खोलीतून बाहेर आली नाही.

७ मार्च, सकाळी

वन्सं पलंगावर नुसत्या बसून होत्या. "वहिनी, घोळ झाला."

सुनेने कालचं भाषण आतून ऐकलं आणि रात्री त्यांच्यापाशी जाऊन सगळं बोलली. बाळाचा मेंदू वाढलेलाच नाही. जन्मलं तरी जगणार नाही. फोनवर मुलाशी बोलून दोघांनी ठरवलंय, वाढवायचं नाही. बुधवारी दवाखान्यात बोलावलंय.

"भाषण माझं नव्हतं, हे सांगायला तोंडच उघडेना," वन्सं म्हणाल्या. "म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर."

"मग तुमचं मत?"

"मत तेच आहे. म्हणून काय पोरीला एकटी पाठवू?" डोळे पुसले. "आता बसू नका अशा. चहा टाका."

मी चहा टाकला. आधण आटून गेलं तरी पत्ती घालायचं सुचलं नाही. माझं नातवंड. आणि मला कोणी सांगितलं, तर वन्संनी.

७ मार्च, संध्याकाळी

सभा झाली. वन्संनी नर्सबाईंची बाजू मांडली – नर्सबाईंनी मान डोलावली, नाइलाजाने. मग स्वतःची मांडली. आवाज बसला होता, पण एक मुद्दा सोडला नाही. नर्सबाईंनीही सोडला नाही.

शेवटी कोणीतरी विचारलं, "अध्यक्षबाईंचं मत काय?" मी म्हटलं, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सगळ्यात जास्त टाळ्या मलाच पडल्या.

११ मार्च

दुपारी वन्सं आणि सून टॅक्सीने परत आल्या. वन्संनी तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं.

१२ मार्च

सुनेच्या उशाशी बसले. केसांतून हात फिरवला. म्हटलं, "माझ्याकडे का नाही आलीस गं? आत्यांचा तर नुसता सराव चालला होता. तुझा गैरसमज झाला."

"गैरसमज कसला, आई? आत्यांचं मत मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुमचंच अजून कळलं नाही."