धागा तुटला की गोष्ट

बाबा, शाळेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली आणि आता दर शनिवारी सकाळी गल्लीतली दहा-बारा पोरं माझ्या ओसरीवर जमतात. त्यांना मी तुमचीच माणसं सांगते. तत्त्वज्ञ हा शब्द तुम्ही कधी वापरला नाही, ‘विचार करनारी मानसं’ म्हणायचात, आणि मीही तेच म्हणते. तुमच्यासारखंच आधी माणूस सांगते, नाव शेवटी. पोरं चिडतात. चिडोत बापडी, आम्हीही चिडायचो.

पवनीच्या आपल्या घरात पहिल्याच खोलीत माग होता. तुम्ही मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले आहात, मी आणि धाकटी भिंतीशी रहाटावर कांड्या भरतोय. आणीबाणी नुकतीच उठली होती, मी सातवीत होते. जवाहरनगरच्या फॅक्टरीतले काका पंधरवड्याला एकदा तिथल्या वाचनालयातून स्वतःच्या नावावर एक जाड पुस्तक आणायचे आणि पुढच्या फेरीला परत न्यायचे. ते तुम्ही सकाळी उठल्या उठल्या वाचायचात आणि दिवसा आम्हाला सांगायचात. पण मागावर बोलायची तुमची एक रीत होती. आडवा धागा नेणारा धोटा चालू असला की तोंड बंद, कारण बोलण्याच्या नादात फणीचा ठोक कमीजास्त पडतो आणि कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड ते लगेच दाखवतं. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबायचा. तुम्ही वाकून दोन टोकं शोधायचात, गाठ मारायचात, आणि तेवढ्या वेळात गोष्टीचा एक घास आमच्या वाट्याला यायचा. गाठ बसली की परत खटखट सुरू. एका माणसाचं आयुष्य असं चार-पाच दिवस पुरायचं.

नाव विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं, ‘नाव मागून सांगीन. आधी मानूस कसा होता थे आयक.’ नाव कळलं की पोरं ते पाठ करतात आणि माणूस विसरतात, असं तुमचं मत होतं. पुढे तीस वर्षं शिकवून माझंही तेच झालं. पण त्यामुळे घोटाळे काय कमी झाले? एक जण मोठ्या रांजणात राहायचा आणि राजा समोर येऊन उभा राहिला तेव्हा ‘बाजूला हो, माझं ऊन अडवू नको’ म्हणाला. आम्हाला समजावं म्हणून तुम्ही रांजणाची धानाची ढोली केलीत. आत्याकडे करडीला तशी बांबूची ढोली होती, म्हणून धाकटीनं ठरवून टाकलं की हा माणूस करडीचा. पुढच्या वेळी आत्याकडे गेलो तेव्हा ही बया ढोलीत डोकं घालून त्याला हाका मारत बसली. तुमचा लाडका मात्र दुसराच होता, भिंगं घासून पोट भरणारा. त्याला त्याच्याच लोकांनी वाळीत टाकलं, मोठ्या विद्यापीठानं मास्तरकी देऊ केली तर ती त्यानं नाकारली. हातानं काम करत विचार करणारा माणूस, म्हणजे आपल्यातलाच, असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा तुमची पाठ जरा ताठ व्हायची, हे मला दिसायचं.

मग तो अनवाणी फिरणारा म्हातारा आला, बाजारात भेटेल त्याला प्रश्न विचारणारा. त्याला विषाची शिक्षा झाली. मित्रांनी पळून जायची तजवीज केली तर तो नको म्हणाला. पेला त्याच्या हातात आला आणि इकडे तुमची गाठ बसली. त्या दिवशी दुपारपर्यंत एकही धागा तुटला नाही. पेला त्याच्या हातात आणि तुमचा धोटा चालूच. मला वाटत होतं, अजून वेळ आहे, गोष्ट लवकर पुढे गेली तर कुणीतरी येऊन त्याला वाचवेल. आईनं जेवायला हाक मारली, तुम्ही आत गेलात, आणि मी डाव्या बाजूनं वाकून फणीच्या मागचा एक धागा दातानं अर्धा कुरतडला. उजवी बाजू भिंतीला लागून होती, तिथं हात पोचत नव्हता. तुम्ही परत येऊन बसलात, चार ठोकांत धागा तुटला, आणि म्हातारा विष प्याला. मी भोकाड पसरलं.

‘रडून काहून राहिली वं?’ तुम्ही विचारलंत. मग गाठ मारता मारता म्हणालात, ‘खोटं बोलला असता तरी कधी ना कधी मेलाच असता. मंग खरं बोलूनच काहून मरू नये?’

एवढं ऐकूनही मी सुधारले नाही. धागा तोडला की गोष्ट मिळते, हे एकदा कळल्यावर कोण थांबतं? आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, दर वेळी डावीकडचाच धागा, असं दिवाळीपर्यंत चाललं. तुम्ही ठोक हलका करून पाहिलात, ताणा सैल करून पाहिलात. एका सकाळी तुम्ही तुटका धागा बोटांत धरून बराच वेळ उजेडाकडे पाहत राहिलात आणि आम्हा दोघींना विचारलंत, ‘धाग्याले कोनी हात लावला काय?’ धाकटी नाही म्हणाली. मीही नाही म्हणाले, लगेच म्हणाले, तिच्याहून मोठ्यानं. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही धागा खाली ठेवलात. ‘मंग माहा डावा हात गेला,’ एवढंच बोललात.

हातातलं सोवळ्याचं धोतर पुरं करून तुम्ही कोसा सोडला. त्या मागावर मग जाड सुताचे पंचे आणि चादरी निघू लागल्या. आजोबांपासूनचं कोशाचं काम आपल्या घरातून गेलं ते कायमचं. जाड सूत सहसा तुटत नाही. दिवस दिवस माग चालायचा आणि आम्ही गुमान कांड्या भरायचो. काका पुस्तकं आणतच होते, तुम्ही वाचतही होतात, पण सांगायला थांबायचं कशासाठी? मी दहावीला गेले तोवर गोष्टी संपल्याच होत्या. धाकटी म्हणायची की बाबा म्हातारे झाले. तुम्ही तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होतात.

दातानं कुरतडलेला धागा आणि आपोआप तुटलेला धागा यांतला फरक कोशाच्या विणकराला कळत नाही, असं कुणी म्हटलं तर मी हसेन. तरीही तुम्हाला कळलं नाही, हेच मी इतकी वर्षं धरून बसले आहे. कळलं नसेल तर माझ्यामुळे तुम्ही स्वतःच्या चांगल्या हाताला वाईट ठरवलंत. कळलं असेल तर तुम्ही मी बोलण्याची वाट पाहत होतात, आणि वाट पाहत पाहत गेलात. यातलं पहिलं मला कसंबसं सोसतं. दुसरं सोसत नाही.

तुमचा हात शेवटपर्यंत चांगला होता, बाबा. हे वाक्य लिहायला मी कागद घेतला होता. लिहून झालं. आता हा कागद घडी करून पोरांना वाचून दाखवायच्या पुस्तकात ठेवीन, दुसरं कुठं पाठवणार?

गेल्या शनिवारी मी पोरांना एका विणकराची गोष्ट सांगितली. बाकीच्या विचार करणाऱ्या माणसांच्या रांगेत त्यालाही बसवलं, कुणीतरी त्याचे धागे चोरून तोडत होतं इथपासून हात गेला असं समजून त्यानं कोसा सोडला इथपर्यंत सगळं सांगितलं. पुढे बसलेल्या एका मुलीनं विचारलं, ‘पन मॅडम, धागा तोडला कोनं? नाव सांगा ना.’

नाव मागून सांगीन, मी म्हटलं, आणि पोरांना घरी पाठवून दिलं.