तुझ्या सवतीला भेटून आले

आये, तुझ्या त्या सवतीला भेटून आले. बाबा गेले, मग तू गेलीस, त्यालाही आता एक पिढी उलटली, आणि मी सत्तरी ओलांडल्यावर दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून पृथ्वीच्या त्या टोकाला जाऊन आले. बाबा तिला नुसतं 'बेट' म्हणायचे. नकाशावर तिचं नाव साउथ जॉर्जिया आहे. तू मात्र 'तुमची ती' यापलीकडे तिचं नाव कधी तोंडातून काढलं नाहीस. "एकदा तरी माका थंय नेवा. झिंज्या धरून इचारतंय तिका, काय आसा गो तुझ्यात?" असं तू तांदूळ निवडता निवडता म्हणायचीस आणि सुपातले खडे जरा जास्तच जोरात अंगणात भिरकवायचीस. तुझं ते भांडण अर्धवट राहिलं होतं. मी गेले ती ते भांडण घेऊनच गेले, हे आधी सांगून टाकते.

बाबा तेलवाहू जहाजावर इंजिनखोलीत होते. मी तान्ही असताना त्यांचं जहाज देवमाशांचं तेल आणायला त्या बेटावर गेलं, तिथे यंत्र मोडलं आणि सगळी माणसं महिनोन्महिने अडकून पडली. इकडे मालवणात तू मला कडेवर घेऊन ज्याच्या-त्याच्या दारात विचारत फिरलीस, माणूस आहे का गेला, आणि कुणाला काही सांगता येईना. मग एक दिवस ते आले. वाडीतल्या बायकांचे नवरे बोटीवरून येताना झुळझुळीत साड्या आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. तुझ्या नवऱ्याने रिकामं अंडं आणलं. एका टोकाला निमुळतं, कोंबडीच्या अंड्याच्या दुप्पट लांब, आतलं सगळं भोकातून काढून टाकलेलं. वर कौतुकाने सांगायला लागले की या पेंग्विन पक्ष्याला घरटं नसतं, अंडं पायावर घेऊन तो वरून पोटाची घडी पांघरतो, नर-मादी पाळीपाळीने उभे राहतात, बाप तर उपाशी उभा असतो, बर्फ पडो की वारा सुटो, हलत नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आणि तुमचा अंडा कोणी सांभाळल्यान?" जमलेली माणसं हसली. तू हसली नाहीस, असं आजी सांगायची. पण ते अंडं फुटू नये म्हणून तूच तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवलंस, आणि रोज भातासाठी तांदूळ काढताना तुझा हात त्याच्या कडेने फिरायचा. एवढा राग होता तर तू ते टाकून का दिलं नाहीस, हे मला अजून कळलेलं नाही.

पिंपरीला आलो तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. औषधाचा नवा कारखाना सुरू झाला होता, बॉयलर सांभाळणारी माणसं हवी होती, आणि बाबांचं अर्धं आयुष्य बॉयलरपाशीच गेलेलं. गावात एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्या, पुढे गोठा, मागे न्हाणी. वारं फिरलं की कारखान्याचा आंबूस वास थेट आपल्या चुलीपर्यंत यायचा आणि तू नाकाला पदर लावायचीस. तुला वाटलं, आता समुद्र सुटला, आता ती सुटली. कुठली सुटते! बाबा शिफ्टवरून येतात, पानावर बसतात, आणि पहिला घास घ्यायच्या आत म्हणतात, "आता थंय उन्हाळो सुरू झालो असतलो. अंडी घालूक लागली असतील." तू आमटी वाढताना वाटी अशी आपटतेस की माझ्या फ्रॉकवर शिंतोडे उडतात. रागावतेस मात्र मला, "नीट बसाक येणा नाय?" मला ते अजिबात लागायचं नाही. मी तुझ्याच बाजूची होते. ते बेटाचं बोलायला लागले की आपण दोघी एकमेकींकडे बघून तोंड वाकडं करायचो. तो आपला खेळ होता, आणि त्यात बाबांना जागा नव्हती.

भाऊ झाला त्या वर्षी त्यांचा जुना जहाजवाला सोबती मुंबईहून आला. रविवार होता, बाबांची सुट्टी. बोट पुन्हा तिकडे निघतेय, इंजिनखोलीत जागा आहे, दुपारच्या गाडीने माझ्याबरोबर चल आणि उद्या नाव घालून टाक, एवढं सांगायला तो आला होता. बाबांनी त्याच्यासमोरच पलंगाखालची ट्रंक ओढून बाहेर काढली. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी आपल्या घरात कधी बघितला नव्हता, तूही बघितला नसशील. मी तुझ्याकडे पाहिलं. तू रडशील, पाय धरशील, निदान भांडी तरी आपटशील असं मला वाटलं. तू चुलीवरच्या पाण्यात बोट घालून बघितलंस. भावाला आंघोळ घालायला रोज घरमालकीणबाई यायच्या, त्याही तेलाची वाटी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांना तू म्हणालीस, आज तुम्ही बसा. मग बाबांसमोर भावाला धरून उभी राहिलीस.

"जावा तुमी. माका काय्येक म्हणूचा नाय. पण जावच्या आदी एक काम करा. तो पक्षी पोराक पायार घेता मा? मगे तुमीय घेवा. पाणी तापला हा."

"अगो, माका खय जमतला?"

"पक्ष्याक जमता आणि तुमका जमूचा नाय?"

घरमालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बया! बाप्या मानूस कुटं प्वाराला न्हाऊ घालतो व्हय? काय बाई ह्ये कोकनातलं खूळ!" सोबती मोठ्याने हसला. त्या हसण्यानेच बाबा इरेला पेटले असावेत. त्यांनी लेंगा मांडीपर्यंत गुंडाळला, न्हाणीत पाटावर बसून पाय लांब केले, आणि तू भावाला त्यांच्या नडग्यांवर पालथं ठेवलंस. तेल, मग डाळीचं पीठ, मग कढत पाणी. बॉयलरच्या चाकांना सरावलेले ते हात पोराच्या पाठीवरून एकेक बोट जपून फिरत होते. मी टॉवेल घेऊन उभी होते. आंघोळ झाली, टिपून झालं, धुरी दिली, आणि बाबा भिंतीला टेकून बसल्या-बसल्या भाऊ त्यांच्या लांब केलेल्या पायांवरच झोपला.

"चल रे, गाडी चुकतली," सोबती म्हणाला.

बाबा म्हणाले, "झील निजलो हा पायार. आता हलू कसो?"

सोबती थांबला, चहा प्याला, दोनदा उठला नि बसला, आणि शेवटी शिव्या घालत एकटाच स्टेशनकडे गेला. तू ट्रंक पायाने पलंगाखाली ढकललीस आणि भात टाकायला आत गेलीस. मी मागोमाग आले तर तुझा हात तांदळात कोपरापर्यंत गेलेला होता आणि तू तशीच उभी होतीस.

त्या दिवशी तू जिंकलीस. मी हरले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर शिफ्ट कुठलीही असो, भावाची आंघोळ बाबाच घालायचे. सगळी आळी बघायला यायची. मी टॉवेल धरून जळायचे. आये, खरंच जळायचे. मला कुणी घेतलं होतं पायावर? मी एवढीशी असताना ते त्या पक्ष्यांची पोरं मोजत बसले होते. एकदा ते कामावर निघाले असताना मी मुकाट्याने जाऊन त्यांच्या पावलांवर माझी पावलं ठेवून उभी राहिले. त्यांना वाटलं मी खेळतेय. "उतर गो, शिफ्ट चुकतली," म्हणाले आणि मला काखेत धरून बाजूला ठेवून निघून गेले. मी तुलाही सांगितलं नाही, कारण तू तेव्हा तुझ्याच दुःखात होतीस. "माणूस रवलो, मन खय आसा ता तेकाच म्हायत," असं तू घरमालकीणबाईंना सांगायचीस. ते खरंच होतं. बाबा शेवटपर्यंत जेवताना तिकडचे ऋतू सांगत राहिले.

तुझा मुलगा आता मोठा माणूस झाला आहे. चाकणला स्वतःची कंपनी आहे, गाड्यांचे सुटे भाग बनतात. तुझ्या मागे ते अंडं त्यानेच नेलं आणि केबिनमध्ये काचेच्या कपाटात ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, मला वडिलांनी पायावर वाढवलं. मी समोर असले तरी सांगतो. बेटावर जायचं त्यानेच ठरवलं, पैसेही त्यानेच भरले, म्हणाला, ताई, तुझ्याशिवाय कुणाबरोबर जाऊ? मला मनातून राग आला की हेही त्यालाच सुचावं. पण ऐक, जहाजावर त्याला बोट लागली. बेट दिसेपर्यंत बिचारा बादली घेऊन पडून होता. मला काही झालं नाही, मी डेकवर खुर्ची टाकून चहा पीत होते. बाबांचं रक्त कुणात उतरलंय ते कळलं का, असं त्याला विचारायचं फार मनात होतं, पण त्याचा चेहरा बघून नुसती बादली धुऊन आणली.

रबरी होडीतून किनाऱ्याला लागलो आणि पहिल्यांदा काय आलं असेल तर वास. माशांचा, विष्ठेचा, ओल्या पिसांचा, असा की डोळ्यांतून पाणी यावं. बाबांनी इतकी वर्षं एवढं सांगितलं, पण वासाचं कधी चुकूनही बोलले नाहीत. मला इतका आनंद झाला! आये, तुझी सवत घाणेरडी आहे, आपल्या कारखान्याचा वास परवडला, असं तुला सांगायचं मी जागच्या जागी ठरवून टाकलं. मग वाळूच्या पलीकडे चढून आले आणि ते दिसले. नजर पोचेल तिथपर्यंत उभे. मागे बर्फाचे डोंगर थेट समुद्रात उतरलेले, आणि पुढे ही एवढी माणसांसारखी उभी पाखरं, आपापसात बोलणारी, आपल्याकडे ढुंकूनही न बघणारी. जवळच्या एकाने पोटाची घडी जरा वर उचलली, चोचीने अंडं नीट सरकवलं, घडी पुन्हा खाली सोडली. भाऊ रडायला लागला. "ताई, बघ, बाबा..." म्हणाला. मी त्याला गप्प बस म्हटलं. तो रडतोय म्हणून नव्हे. मला पाखरांचं बोलणं ऐकू येईना म्हणून.

किती वेळ उभी होते मला माहीत नाही. होडी चालवणाऱ्या मुलीने हाका मारल्या, मग ती स्वतः येऊन दंडाला धरून घेऊन गेली. सगळ्यांत शेवटी मीच होते. तोवर तुझं भांडण, झिंज्या, ते विचारायचं, काहीही मला आठवलं नाही. जहाजावर परत येऊन बुटांचा चिखल घासताना एकदम तू आठवलीस. बाबा काय सोडून आपल्याकडे राहिले, ते आपल्या दोघींना कधी कळलंच नव्हतं. त्यांच्या मनाचा हिशेब आपण मागत राहिलो, आणि ते रोज त्या आंबूस वासात जाऊन बॉयलर पेटवत राहिले.

हे तुला वाचून दाखवायला कुणी नाही, आणि असतं तरी पुढचं मी वाचू दिलं नसतं. मी तुझ्याच बाजूची म्हणून गेले होते, आये. पण त्या रविवारी बाबांच्या जागी मी असते, तर ते झोपलेलं पोर अलगद उचलून तुझ्या मांडीवर दिलं असतं आणि दुपारची गाडी पकडली असती.