पेडण्यात कुणाला कळता कामा नये

५ जानेवारी, सोमवार
डॉक्टरीणबाई म्हणतात, फिट येत असली तरी व्यायाम हवा. रोज अर्धा तास सावकाश चाला, गोळी चुकवू नका, सोबत कुणीतरी ठेवा. मी कॉलेजात कबड्डी खेळलोय, म्हटले. हसल्या नाहीत. तीन महिने फिट आली नाही तर एकट्याने चालायचे बघू म्हणे. ठीक. ५ एप्रिलला मी एकटा.
आजाराचे पेडण्यात कुणाला कळता कामा नये. हेडक्लार्कचे ऑफिसात वजन असते.

६ जानेवारी, सकाळी ७.१५
बायकोने, म्हणजे पद्मावतीने, सोबतीला शेजारचा कृष्णनाथ दिला. रिटायर्ड पीटी मास्तर. चालतो की उभा आहे तेच कळत नाही. दर वळणावर पाणी पितो, मलाही पाजतो. याने पोरांना काय शिकवले असेल!

९ जानेवारी
कृष्णनाथ दर पाच मिनिटांनी विचारतो, बरा मरे? तब्येतीशिवाय दुसरा विषयच नाही.

११ जानेवारी, रविवार
नवे शूज. संकल्प: मास्तराला मागे टाकणे.

१२ जानेवारी, सोमवार
निरंकार उपास. पाणीसुद्धा नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची असते. जेवणच नाही तर गोळी कसली? सकाळची नाही, रात्रीचीही नाही. डॉक्टरीणबाईंना एवढे लॉजिक कुठले.

१३ जानेवारी, सकाळी ६
डोके हलके. चरबी उतरली. कृष्णनाथ यायच्या आत निघतो. धावणार.

१४ जानेवारी
काल मार्केटात पडलो. मला काही आठवत नाही, पद्मावती सांगते ते लिहितो. पाव विकणाऱ्या पोदेराने सायकल टाकून मला कुशीवर वळवले, पावावरचे फडके डोक्याखाली दिले. कुणीतरी हुंगवायला चप्पल आणली, त्याला फुलवालीने हाकलले. चहावाल्याने घड्याळ लावून फिट मोजली. दोन मिनिटे. कृष्णनाथ धावत आला म्हणे. धावत!
डॉक्टरीणबाई कडाडल्या. गोळ्या सोडून, उपाशी, तहानलेले धावायला कुणी सांगितले होते? व्यायाम बंद करा असे मात्र म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होतो. तीन महिने आता नव्याने मोजायचे.
मेल्याहून मेल्यासारखे झाले. पद्मावतीला म्हटले, संपले, सगळ्या पेडण्याला कळले.
ती म्हणाली, तां पाच तारखेकच कळलां. मीच दुकानादुकानात सांगून इल्लंय, हे पडले तर काय करूचा तां. पोदेराक तर दोनदा सांगलंय.