दादाची नम्रता

अ‍ॅमस्टेलव्हीन,
रविवार, १२ मार्च २००६

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग वगैरे या वेळी नाही, समजून घे.

तिकडे ओहायोत तुम्ही सगळे बरे असाल. आम्हीही बरे आहोत. इथली थंडी अजून हटत नाही, सायकलवर बसलं की कान गळून पडतील असं वाटतं. अरुणचं ऑफिस स्लोटरडाइकला हललंय. रोज गाड्या बदलत जातो आणि घरी आला की त्याचीच कटकट करत बसतो. शुभदावहिनींनी पाठवलेला गोडा मसाला पोचला, झकास आहे. त्यांना सांग, त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही.

फोन सोडून हिनं पत्र का लिहिलं, असं वाटेल तुला. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. "अगं मंजू, ऐक तर" म्हणतोस, आणि मग मी अर्धा तास ऐकते. अरुण म्हणाला ईमेल कर. ईमेल तू ऑफिसात वाचशील आणि पुसून टाकशील. कागद फाडायला निदान हात तरी हलवावे लागतील.

आमच्या अमृताच्या अमेरिकेतल्या कॉलेजचं बारगळलं, हे तुला माहीत आहेच. मीच रडत फोन केला होता. तू म्हणालास, "अगं, इथे असंच चालतं. कोच बदलला की सगळं बदलतं. जाऊ दे, शिकेल तिथेच हॉलंडात." मला तेव्हा चक्क बरं वाटलं. मूर्ख कुठली मी!

मला वाटलं, दोष त्या कोचचा. गेल्या ईस्टरला इथल्या स्पर्धेत तो आला होता, आठवतंय? त्यानं अमृताला गोलमध्ये बघितलं आणि मॅच संपायच्या आत आम्हाला शोधत आला. फुटबॉलच्या टीममध्ये जागा देतो, चारही वर्षांची फी माफ, म्हणाला. सगळं तोंडी, सही पुढच्या फेब्रुवारीत. कॉलेज तुझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर, म्हणून तर अरुण तयार झाला. मामा जवळ आहे, म्हणाला. तुझा फोन नंबर आम्हीच त्या कोचला दिला.

मग नोव्हेंबरात निवड समितीनं त्यांच्या टीमला राष्ट्रीय स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये घेतलंच नाही. मॅचेस यांनी जास्त जिंकलेल्या, पण घेतलं दुसऱ्याच कॉलेजला. कोच भडकला. दुसरीकडून बोलावणं आलं तसा बॅग भरून चालता झाला. अमृताला एका ओळीचा ईमेल टाकला, झालं. जानेवारीत नवी कोच आली आणि फेब्रुवारीत सहीचे कागद आलेच नाहीत. मी महिनाभर त्या माणसाला शिव्या घातल्या, त्या समितीला घातल्या. अरुण म्हणाला, "मंजू, पुरे आता, त्यांना मराठी येत नाही."

पण अमृता इथे वाढलीय. तिला आपल्यासारखं मनात कुढत बसता येत नाही. परवा बुधवारी मी पोळ्या करत होते आणि ही स्वयंपाकघरातच स्टुलावर बसली आणि थेट ओहायोला फोन लावला. नव्या कोचला म्हणाली, मला घेतलं नाही ते ठीक आहे, पण का ते सांगा. मी खुणा करतेय, अगं असं विचारतात का! तिचं लक्षच नाही. मग ती नुसती ऐकत राहिली. "माय अंकल?" म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "माय अंकल सेड दॅट?" माझी पोळी तव्यावर करपली.

आता तुला कळलं असेल पत्र का लिहिलंय.

त्या बाईला अमृताच्या खेळाची टेप आवडली होती, दादा. ती तिला घेणारच होती. फक्त पोरगी खरंच एवढ्या लांब येणार का, हे विचारायला तिनं तुला फोन केला. आणि तू काय म्हणालास? "ती आपली सहज खेळते, हौस म्हणून. तशी काही फार ग्रेट नाही. आमच्या घरात अभ्यास पहिला. तिच्यासाठी तुम्ही जागा अडवून ठेवू नका." बाईनं तुझे आभार मानले आणि जागा कॅनडाच्या एका मुलीला दिली. आणि मी रडत फोन केला तेव्हा हे सगळं पोटात ठेवून तू मला "इथे असंच चालतं" सांगत होतास!

तू म्हणशील, मी वाईट काय बोललो? आपल्यात असंच बोलतात. कुणी मुलांचं कौतुक केलं की "कसलं काय हो" म्हणायचं. मान्य. समोर जोशीकाकू असत्या तर त्यांनी ते कानाआड केलं असतं, कारण त्याही तसंच बोलतात. पण समोर अमेरिकन बाई होती. तिनं विचारलं, तू उत्तर दिलंस, तिनं ते खरं मानलं. इतकी वर्षं तिथे राहतोस, तुला एवढं कळत नाही? तिला येऊ द्यायचं नव्हतं तर मला सरळ "पाठवायची नाही" म्हणायचं होतंस, मी भांडले तरी असते.

आणि तुझ्या आशुतोषच्या वेळेला कुठे जाते रे ही नम्रता? पियानोच्या स्पर्धेत तो तिसरा आला तर तू पुण्यापासून नागपूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोटो धाडलेस. स्पर्धेत मुलं किती होती, ते मात्र वहिनींनी हळूच सांगितलं. त्याचे मार्क, त्याचं गणित, त्याच्या बाई काय म्हणाल्या, सगळं मला पाठ आहे. "सहज वाजवतो आपला" असं एकदा तरी तुझ्या तोंडून निघालं? तुझी सगळी नम्रता माझ्या पोरीच्याच वाट्याला!

इथे पत्र संपवणार होते. पाकीटसुद्धा काढलं होतं. पण नाही, आता सगळंच लिहिते.

तुला शामला मॅडम आठवतात? कॉलेजात आमचा खो-खो घ्यायच्या त्या. नसतील आठवत. विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली होती आणि ग्वाल्हेरला स्पर्धा होती, म्हणून त्या परवानगी मागायला घरी आल्या. बाबा कामावर होते. घरात मोठा तू, म्हणून तू बोललास. "अहो मॅडम, ती आपली सहज खेळते. तिच्यासाठी उगाच जागा अडवू नका." हेच शब्द, दादा. जसेच्या तसे! मी आत चहा गाळत होते. ट्रे घेऊन बाहेर आले आणि हसले. मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं, चहा संपवला आणि गेल्या. त्यानंतर मी सगळ्यांना सांगत आले की मलाच जायचं नव्हतं, परीक्षा होती. अरुणलासुद्धा लग्नापासून हेच सांगितलंय. बुधवारी रात्री जेवताना त्याला पहिल्यांदा खरं सांगितलं.

मला जायचं होतं. मी चांगली खेळायचे. चांगली म्हणजे खूप चांगली.

फोन ठेवल्यावर अमृतानं मला विचारलं, "मामानं मला कधी खेळताना पाहिलंय?" मी म्हटलं, नाही. मग तिनं त्या कोचला ईमेल लिहिला. "माझ्या मामानं मला कधीही खेळताना पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा." खाली क्लबच्या ट्रेनरचा नंबर. मी म्हटलं, अगं, जरा गोड शब्दांत लिही. म्हणाली, "व्हाय?" आणि तसाच पाठवून दिला.

काल उत्तर आलं. ती कॅनडाची मुलगी ऐन वेळी दुसऱ्या कॉलेजला पळाली, यांचा सगळा कारभारच तसला. जागा पुन्हा रिकामी आहे. पण बाई म्हणते, आता मी कुणाच्या सांगण्यावर जाणार नाही, डोळ्यांनी बघेन. ईस्टरला त्याच स्पर्धेला येतेय. घेतील की नाही, देव जाणे. पोरगी रोज क्लबवर जाऊन चिखलात लोळून येते आणि मी निमूटपणे कपडे धुते.

आणि त्याच ईस्टरला तुम्ही तिघं ट्यूलिप बघायला येताय, तिकिटं काढून बसलायत. मी ठरवलं होतं, स्पष्ट कळवायचं की माझ्या घरी येऊ नका. अमृताच म्हणाली, "नको, येऊ दे त्याला. गोलच्या मागे उभं राहायला सांग, तिथून नीट दिसतं."

तर ये. ट्यूलिप नंतर, आधी मैदान. छत्री आण, खुर्ची मिळणार नाही. ती कोच बाई जवळपास असेलच, मी तिला मुद्दाम तुझ्या शेजारी आणून उभी करीन. अमृतानं एखादा चेंडू अडवला की ती तुला म्हणेल, तुमची भाची चांगली खेळते. तेव्हा मान वाकडी करायची नाही. हसायचं नाही. "कसलं काय" नाही, "हौस" नाही, "अभ्यास" नाही. फक्त "हो" म्हणायचं. विमानात सराव करत ये.

वहिनींना नमस्कार. आशुतोषला आशीर्वाद, पियानो छान वाजवतो तो. बघ, किती सोपं असतं.

अमृताची आई,
विद्यापीठाच्या संघात निवड झालेली
मंजूषा