मुशीची भिंत

प्रिय ठिणगी,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरला आहे का, कोण जाणे. पहिल्याच दिवशी भट्टीसमोर तू कोटाची बाही जाळून घेतलीस आणि भट्टीवाले काका म्हणाले, "ही ठिणगी एक दिवस सगळ्यांना पेटवणार बघा!" तेव्हापासून प्रयोगशाळेत तुला दुसऱ्या नावाने कुणी ओळखलंच नाही. तू आता चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेस, हे काकांकडूनच कळलं. पत्ताही त्यांनीच दिला. देताना एवढंच म्हणाले, "उशीर केलात, बाई." मी कागद पर्समध्ये टाकला.

मी घाबरले आहे. दारावर टकटक झाली की दचकते. काल सफाईवाल्या बाईंनी बादली जरा जोरात ठेवली, तर माझ्या हातातली परीक्षानळी पडून फुटली. त्या म्हणाल्या, "तब्येत बरी नाही का मॅडम?" मी हो म्हटलं. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे बघून आणखीच घाबरले.

झालं असं. आपल्या त्या जुन्या बिस्मथच्या काचेचा तुकडा मी मंगळवारी नव्या यंत्रावर तपासायला घेतला. यंत्र आधीच्या नमुन्यासाठी ॲल्युमिनियमचे अणू शोधायला लावलेलं होतं आणि ते बदलायचं माझ्याकडून राहून गेलं. पडदा कोरा राहायला हवा होता. त्या काचेत जवळजवळ सगळं बिस्मथ ऑक्साइड आणि चिमूटभर बोरॉन; ॲल्युमिनियम आपण घातलंच नव्हतं. पण पडद्यावर चांगलं ठसठशीत शिखर उभं राहिलं. यंत्राची नमुना ठेवायची डबी धुतली, दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. शिखर तिथेच.

बिस्मथबद्दल मी तुम्हाला काय शिकवायचे, आठवतं? हा अणू म्हणजे बाकावर शेजारी पिशवी ठेवून बसलेला माणूस. त्याची इलेक्ट्रॉनची एक जोडी एका बाजूची जागा अडवते, त्यामुळे ऑक्सिजनच्या शेजाऱ्यांना दुसऱ्या बाजूला दाटीवाटीने बसावं लागतं. असा आडमुठा अणू एकट्याने काचेचं जाळं विणत नाही, कुणाची तरी मदत घेतो, असं सगळे मानत. आणि मी छापून मोकळी झाले की विणतो! भट्टीत मुशीच्या भांड्यात वितळवलेला रस पोलादी पट्टीवर ओतून वरून दुसरी पट्टी झटकन दाबली, अणूंना रांगेत बसायला उसंतच दिली नाही, तर बोरॉन नावापुरता असूनही काच होते. मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी. त्या एका लेखावर मी विभागप्रमुख झाले.

तू तोच प्रयोग प्लॅटिनमच्या मुशीत केलास. अकरा वेळा. प्रत्येक वेळी पिवळट, खडूसारखा गोळा. मग जिन्यात मला एकटीला गाठून म्हणालीस, "ताई, ही काच होतच नाहीये. तुमच्या पांढऱ्या मुशीतून काहीतरी आत जातंय." दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हटलं, "काहींनी आधी हात स्वच्छ धुवायला शिकावं, काच आपोआप होईल." सगळे हसले. तूही हसलीस, तेच मला सारखं आठवतं. दोन महिन्यांनी तू गेलीस आणि तुझ्या अहवालावर मी शेरा मारला: कामात काटेकोरपणा नाही.

पांढरी मूस ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडची. मी रोज डायरी लिहिते, तुम्ही त्यावरून माझी टर उडवायचात. नऊ वर्षांपूर्वीचं पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय: "तिसऱ्याच वेळी मूस फुटली. भिंत नखाएवढी पातळ झालेली. नवीन मागवली." भिंत कुठे गेली, हे मी विचारलं नाही. बिस्मथच्या रसाने ती खाल्ली होती आणि त्या काचेत जाळं तिचेच अणू धरून होते. मला तेव्हा समजलं नाही, की समजून मी पान उलटलं? दोन दिवस त्या ओळींकडे बघते आहे. खरंच सांगता येत नाही.

संचालक सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, नऊ वर्षांनी कशाला मढी उकरतेस?" मी लेख मागे घ्यायचाच म्हटल्यावर त्यांनी पुढच्या आठवड्यात शुक्रवारी चौकशी समिती बोलावली. सर वाईट नाहीत, मला वाचवायलाच बघतात. समजावत होते, "चूक कुणाचीही होते, समिती समजून घेईल. पण मुशीबद्दल आधी कुणी सावध केलं होतं का, असं विचारतील. सरळ नाही म्हण. हो म्हणालीस तर पद गेलंच समज." या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? आणि जिन्यात आपण दोघीच होतो.

मी तिथे 'नाही' म्हणेन, याची मला भीती वाटते. काल आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. म्हणून हे पत्र, आणि सोबत डायरीच्या त्या पानाची प्रत. आत दुसरं पाकीट आहे, त्यावर समितीचा पत्ता लिहून तिकीट लावलं आहे. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मी दुकानात फोन करून तुला सांगेन की मी तुझं नाव घेतलं. फोन आला नाही, तर माझी वाट बघू नकोस. हे सगळं त्या पाकिटात घाल आणि पेटीत टाक. मी नंतर रडत, हात जोडत तुझ्या दारात आले, तरी टाक.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
ताई